तिसऱ्या ओळीतलं सातवं

दाइकोन बेट, इरिए गाव
९ मे १९६८

किनोए-सान यांस,

आमच्याकडे बोतानचा बहर परवाच्या वाऱ्याने संपला. पाकळ्यांचा ढीग झाडून बांधावर टाकला आणि आज महिन्याभरात पहिल्यांदा जरा बसायला मिळालं. तुमच्याकडे अजून डोंगराच्या सावलीला बर्फ असेल.

मी सावा. बोतानची रोपं पाठीवर घेऊन दर ऑक्टोबरात तुमच्या दारात उभी राहणारी, तुमच्या चुलीपाशी भिजलेले मोजे वाळवणारी आणि तुमची लोणच्याची बरणी खाली करणारी. ओळखलंत ना? बासष्टनंतर आले नाही. गुडघ्यांनी दगा दिला. आता सून फिरते विकायला, पण ती आगगाडीने शहरातच जाते. तुमच्या डोंगरात चढायचं म्हटलं की तिचं डोकं दुखतं.

आता खरं काम सांगते. छप्पन साली मी तुम्हाला पांढऱ्या बोतानचं एक कलम दिलं होतं. तुम्ही ते घरापुढच्या अंगणात लावलंत. पाटीवर ‘रेनकाकु’ लिहिलेलं होतं आणि सारसांची रांग असा त्याचा अर्थ ऐकून तुमचे यजमान खूश झाले होते. किनोए-सान, ते रेनकाकु नव्हतं. बांधाबांधीच्या गडबडीत पाट्यांची अदलाबदल झाली असणार.

ते माझ्या नवऱ्याचं झाड होतं. गेन्झोने बी पेरून वाढवलेलं. बियाला फूल यायला सहा वर्षं लागतात आणि शंभरातलं एखादं ठेवण्याजोगं निघतं. त्याच्या वहीत त्याची नोंद आहे: ‘तिसरी ओळ, सातवं. पांढरं, बुडाशी जांभळी झाक. तिसऱ्या फुलाला नाव देणे.’ त्याचा तसा नियमच होता. पहिल्या वर्षी फूल फसवतं, दुसऱ्या वर्षी लाजतं, तिसऱ्या वर्षी खरं रूप दाखवतं, तोवर नाव द्यायचं नाही असं म्हणायचा. एकेचाळीसला पहिलं फूल आलं, बेचाळीसला दुसरं. तिसऱ्याच्या आधी त्याला लढाईवर बोलावणं आलं आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मग हुकूम आला की फुलं उपटा आणि रताळी लावा. सासूबाईंनी हे एवढं एक झाड कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपवलं. तेही अठ्ठावन्न साली मुळं कुजून मेलं.

आता आमचा उत्पादक संघ जातींची नोंदवही करतोय. हवीच होती म्हणा. माझ्या सासऱ्यांच्या यादीत तीनशेवर नावं आहेत, सिंह, राजवाडे, चंद्र, सारस, काय हवं ते. पण त्यातली चाळीस झाडंही बेटावर उरली नाहीत. बाकीची नुसती नावंच राहिली. एकाच फुलाला इथे एक नाव, निइगाताला दुसरं, ओसाकाकडे तिसरं, आणि तिघांचीही भांडायची तयारी. संघाचे आदाची-सान म्हणाले, “वहिनी, गेन्झोचं काही असेल तर जिवंत फूल दाखवा, मी त्याचं नाव लिहितो. नुसत्या वहीवरून मी लिहिणार नाही.” माझ्या मुलाला बापाचा चेहरा आठवत नाही. त्याच्या बापाने या जगात एक फूल आणलं, एवढं तरी कुठेतरी लिहिलेलं असावं असं मला फार वाटतं.

तेव्हा ऑगस्ट संपताना त्या झाडाच्या यंदाच्या दोन काड्या, वीतभर लांबीच्या, ओल्या शेवाळात गुंडाळून पाठवाल का? तेवढ्यावर मी ते पुन्हा उभं करीन. हारुएला आशीर्वाद. तिचा खोकला गेला ना?

सावा


मोगामी, यामागाता
२० जून १९६८

सावा,

तुझं पत्र पोचलं. हवापाणी लिहिण्यात तुझा हात कोण धरणार! मला ते जमत नाही. मोजे वाळवायचीस हे लिहिलंस, त्यांचा वास यायचा हे मात्र बरं विसरलीस.

हारुए गेली. त्रेसष्टच्या फेब्रुवारीत, बाविसावं लागलं होतं. तू आलीस तेव्हा खोकत होती, तू आल्याचा काढा करून पाजलास, आठवतं? तो खोकला सूतगिरणीतून घेऊन आली होती. तुला कळवलं नाही. कोणालाच कळवलं नाही. काय लिहायचं तेच सुचेना. त्यानंतर वर्षाने तिचे वडीलही गेले. आता मी आणि सून. मुलगा हिवाळाभर तोक्योला रस्त्याच्या कामावर असतो.

आणि तू पांढरं फूल, पांढरं फूल म्हणतेस! ते पांढरं नाही गं राहिलं. ऐक काय झालं ते. बासष्टच्या जूनमध्ये हारुए घरी अंथरुणाला खिळलेली होती. दार सरकवून तिला ते झाड दाखवलं, सहा-सात फुलं होती. मला वाटलं खूश होईल. तर कार्टी म्हणते, “आई, हे कोणाचं धुणं वाळत घातलंय? रोज बघते, कोणी काढतच नाही.” मग म्हणाली, “गुलाबी असतं तर केसात घातलं असतं.” तिच्या वडिलांना राग आला, त्यांचे ते सारस होते ना! तिचं तोंड असंच होतं.

त्या हिवाळ्यात आम्ही सगळे शहरात, दवाखान्यात. झाडाला बर्फाचा आडोसा बांधायला घरी कोण होतं? छपरावरचा बर्फ घसरून अख्खा त्याच्यावर पडला. परत आले तेव्हा ते पार मोडलेलं होतं. म्हटलं, हेही गेलं. आणि मे महिन्यात जमिनीतून लाल लाल कोंब वर आले! पुढच्या जूनमध्ये फूल उमललं ते गुलाबी. सावा, मी तिथेच चिखलात बसले. मला काय वाटलं असेल ते तुला वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून आमच्याकडे त्याला हारुएच म्हणतात. शेजारीण येताना विचारते, “हारुए उमलली का?” यंदा अकरा फुलं आली, अजून दोन आहेत. तुझ्या गेन्झोचं झाड आहे म्हणतेस तर मला आनंदच आहे. काड्या पाठवते.

किनोए


दाइकोन बेट
५ जुलै १९६८

किनोए-सान,

पत्र वाचून हातातलं काम गळून पडलं. हारुए माझ्या पाठीवरची रोपं मोजायची आणि म्हणायची, “सावा-सान, तुम्हीच एक चालतं झाड आहात.” माझ्या डोळ्यांपुढून ते जात नाही. मी सहा वर्षं गुडघ्यांचं निमित्त करत बसले. एक पत्र टाकायला काय झालं होतं मला? माझी मला लाज वाटते. देव्हाऱ्यात तिच्यापुढे लावायला उदबत्त्या पाठवल्या आहेत.

झाडाविषयी एकदोन गोष्टी विचारते, सहज. हिवाळ्यात त्याच्या काड्या उभ्या राहतात का? पान चकचकीत आहे की मळकट हिरवं? फूल फांदीच्या टोकाला येतं की सरळ जमिनीतून आलेल्या दांड्यावर? सवडीने कळवा, घाई नाही.

सावा


मोगामी
२ सप्टेंबर १९६८

सावा,

काड्या आजच्या टपालाने निघाल्या. शेवाळ चांगलं भिजवलंय.

तू डॉक्टरासारखी काय विचारतेस? पान मस्त चकचकीत आहे. हिवाळ्यात ते सगळं वाळतं, मग मी जमिनीलगत कापते आणि वर पेंढा टाकते. आता आडोसा बांधायची कटकटच नाही. पूर्वीपेक्षा शहाणं झालंय झाड. फूल सरळ दांड्यावर येतं. काडी टणक नाही, विळ्याने भाजीसारखी कापली गेली. चालेल ना?

उदबत्त्यांचा वास चांगला आहे, पण तू फार महागाच्या घेतल्यास.

किनोए


मोगामी
११ नोव्हेंबर १९६८ (पोस्टकार्ड)

सावा, काड्या पोचल्या की नाही? कलम धरलं का? दोन महिने झाले. मेलीस की काय? पहिला बर्फ पडला. कि.


दाइकोन बेट
१२ डिसेंबर १९६८

किनोए-सान,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता आहे तसं टाकते.

आधी माझा गुन्हा सांगते. पाट्यांची अदलाबदल झाली नव्हती. मी ती पाटी मुद्दाम बांधली. गेन्झोच्या झाडाची मी बारा कलमं बांधली होती आणि बारापैकी एक तरी कुठेतरी जगेल असं मनाशी म्हणत होते. पण बिननावाचं रोप कोण घेणार? दारात उभं राहून सांगायचं काय, ‘तिसरी ओळ, सातवं’? रेनकाकु पांढरं आणि नावाजलेलं, म्हणून त्याच्या पाट्या लावल्या. आम्ही विकतो शरदात, तेव्हा रोपाला नुसते डोळे असतात. फूल येतं वसंतात, तेव्हा आम्ही इथे बेटावर निंदणी करत असतो. आपण विकलेलं रोप गिऱ्हाइकाच्या अंगणात फुललेलं आमच्यातल्या एकीनेही कधी पाहिलेलं नाही. थाप मारायला याहून सोयीचा धंदा नसेल. तुमचे यजमान त्या सारसांवर खूश झाले तेव्हा मी मान खाली घालून चहा पीत होते. बाकीची अकरा कुठे विकली ते आठवत नाही. तुमच्याकडे मुक्काम असायचा म्हणून तेवढं एक लक्षात राहिलं.

आता दुसरं, ते लिहायला जास्त जड जातंय. आम्ही बोतानची काडी शाकुयाकुच्या मुळावर बांधतो. शाकुयाकु ही बोतानची चुलत बहीण, पण तिला लाकूड नसतं. दर हिवाळ्यात ती जमिनीपर्यंत वाळते आणि वसंतात लाल कोंब काढून वर येते. तिचं मूळ जोमदार, म्हणून तिला खुंट करतात. दोन-तीन वर्षं दाईसारखी ती कलमाला पोसते, तोवर कलमाला स्वतःची मुळं फुटतात. खुंटाचा कोंब वर आला तर तो कापून टाकायचा, नाहीतर तो कलमाला मारून स्वतःच वाढतो. हे गिऱ्हाइकाला सांगायचं असतं. मी तुम्हाला सांगितलं होतं का? पुष्कळ आठवून पाहिलं. नसेलच सांगितलं.

तुम्ही पाठवलेल्या काड्या शाकुयाकुच्या होत्या. शेवाळ उघडलं तेव्हा त्या माना टाकून पडल्या होत्या. किनोए-सान, तुमचं झाड गुलाबी झालेलं नाही. पांढरं बर्फाखाली मोडलं आणि खालची दाई वर आली.

सप्टेंबरपासून मला हे माहीत आहे. खरं सांगायचं तर तुमचं जूनचं पत्र वाचलं तेव्हाच कळलं होतं आणि मी ‘सहज विचारते’ म्हणून वेळ मारून नेली. हारुएविषयी तुम्ही जे लिहिलंत त्यानंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते?

अजून एक गोष्ट आहे. मी कलम खोल लावायला सांगते, सांधा जमिनीखाली चार बोटं. तुम्ही तसं लावलं असेल तर पांढऱ्याचा बुंधा खाली जिवंत असू शकतो. अशी वर्षं काढलेली झाडं मी पाहिली आहेत. गुलाबीचे कोंब एक-दोन वसंत वर येताच कापत गेलं तर त्याला जोर मिळेल आणि तो डोकं काढील.

मी तुमच्याकडे हे मागत नाही. नुसतं सांगते आहे.

नाही, खोटं कशाला बोलू? मागतेच आहे.

सावा


दाइकोन बेट
३० एप्रिल १९६९ (पोस्टकार्ड)

किनोए-सान, साडेचार महिने तुमचं उत्तर नाही, ते बरोबरच आहे. मागचं पत्र लिहायला नको होतं. तुमच्याकडे आता कोंब वर येत असतील. त्यांना हात लावू नका. हारुएला फुलू द्या. आदाची-सानना मी सांगून टाकलं की गेन्झोचं काही उरलेलं नाही. ते म्हणाले, नोंदवही अजून चार वर्षं तरी उघडी आहे. मी म्हटलं, मिटा. सावा


मोगामी
२५ जून १९६९

सावा,

तू भामटी आहेस. बारा वर्षं आमच्या चुलीपाशी बसून आमचा भात खाल्लास आणि आमच्या म्हाताऱ्याला खोट्या सारसांवर झुलवलंस. बिचारा झाड मोडेपर्यंत पाहुण्यांना सांगायचा, “हे रेनकाकु, असं-तसं नव्हे.” तुझं पत्र मी चुलीत टाकणार होते. सुनेने काढून घेतलं.

हिवाळाभर मी तुझ्याशी मनात भांडत होते. बर्फ काढताना, लोणची घालताना, न्हाताना. तू समोर असतीस तर दोन तडाखे दिले असते आणि मग जेवायला वाढलं असतं.

मे महिन्यात कोंब आले. मी विळा घेऊन गेले, सावा. खरंच गेले. तू मागितलंस म्हणून नव्हे, रागाने गेले. म्हटलं, मी सहा वर्षं एका मुळाला माझी मुलगी म्हणत होते, गावाला म्हणायला लावत होते, हसले असतील सगळे. कोंबाला हात लावला आणि कापवेना. तशीच बसून राहिले.

बसल्या बसल्या एक गोष्ट ध्यानात आली. तू लिहिलंस, खुंट म्हणजे दाई. वरच्याला पोसते आणि तिने स्वतः डोकं वर काढलं की कापायचं. अगं, मग हारुए दुसरं काय होती? पंधराव्या वर्षी सूतगिरणीत गेली. सहा वर्षं तिच्या पैशावर तिचा भाऊ शिकला, या घराचं छप्पर नवं झालं. तिला काय हवं ते आम्ही एकदाही विचारलं नाही. परत आली ती खोकत. केसात घालायला गुलाबी फूल हवं, एवढंच तिने आयुष्यात आमच्याकडे मागितलं, तेही थट्टेत.

तेव्हा तुझ्या पत्राने माझं काही हिरावलं नाही. उलट पक्कं झालं. ते फूल तिचंच आहे. आता मला कोणी सांगायला यावंच.

यंदा चौदा फुलं आली. मी एकही कोंब कापणार नाही. पण खणायला माझी ना नाही. दोघं वेगळी करता येतील का? कसं करायचं ते नीट, माझ्यासारख्या अडाण्याला कळेल असं लिही. आणि हवापाणी लिहू नकोस.

किनोए


दाइकोन बेट
१० सप्टेंबर १९६९

किनोए-सान,

तडाखे खायला मी यायला हवं होतं. गुडघे आता घराच्या पायऱ्याही चढू देत नाहीत, नाहीतर रोपांशिवायच आले असते.

ऑक्टोबरच्या मध्याला, गुलाबीची पानं पिवळी पडली की खणा. बुंध्यापासून हातभर लांब, गोल खणत या आणि सबंध गड्डा वर घ्या. ओढू नका. मग पाण्यात बुडवून हळूहळू माती धुवा. जाड, गाजरासारखी, ठिसूळ मुळं म्हणजे शाकुयाकु. त्यांच्यात कुठे काळपट लाकडाचा तुकडा असेल आणि त्याला दोरीसारखी बारीक, चिवट, वेगळी मुळं असतील, तर तो पांढरा. नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत. त्याला वेगळा करताना धार चांगली असू द्या. आणि गुलाबीच्या प्रत्येक तुकड्याला दोन-तीन लाल डोळे ठेवून लगेच लावा. पहिली दोन वर्षं ती रुसेल, मग फुलेल.

एक मात्र आधीच सांगते. कापताना दोघांपैकी एकाला धोका आहे असं दिसलं तर पांढरा सोडून द्या. हे मी मनापासून लिहिते आहे, मागच्यासारखं नाही.

सावा


मोगामी
२६ ऑक्टोबर १९६९

सावा,

काल खणलं. सून होती बरोबर. ती खणत होती, मी ओरडत होते. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “हारुएला कुठे नेताय गं?” मी म्हटलं, न्हाऊ घालतोय.

गड्डा केवढा निघाला! दोघींना उचलेना, चटईवर घेऊन ओढत विहिरीपाशी आणला. बादल्यांवर बादल्या ओतल्या. गाजरं, गाजरं, सगळी गाजरंच. मला वाटलं संपलं. मग सुनेने बोट घालून दाखवलं. मधोमध, मुळांच्या मुठीत धरल्यासारखा, अंगठ्याएवढा एक काळा खुंटारा. त्याला चार दोऱ्यांसारखी मुळं. नखाने खरवडलं. हिरवं होतं, सावा! आणि बगलेत एक डोळा, भाताच्या दाण्याएवढा.

साडेसहा वर्षं तो तिथे होता. मी त्याच्यावर पेंढा टाकत होते आणि मला पत्ता नाही. दाईने त्याला मारलं नव्हतं गं. तू आपल्या धंद्यातलं सगळं जाणतेस, पण एवढं तुला माहीत नव्हतं.

कापायचं काम मी सुनेवर सोपवलं. दोघांना काही झालं नाही. गुलाबीचे पाच भाग झाले, एक जुन्याच जागी लावला, दोन परड्यात, एक शेजारणीला दिला. तुझा खुंटारा भाताच्या तुसात घालून खोक्यातून रेल्वेने पाठवलाय.

खोक्यात गुलाबीचं पाचवं मूळही घातलंय. दोघं तेरा वर्षं एकत्र होती, एकदम एकटं कशाला पाठवायचं? ते तुझ्या दारात लाव. मात्र एक कर सावा, तिच्यावर कुठलं कलम बांधू नकोस. तिचं ते काम झालं.

नावाचं म्हणशील तर हारुएचं नाव पांढऱ्याला देऊ नकोस. तुझ्या मनात येईल, मला माहीत आहे, तू तशीच आहेस. पण गेन्झो-सानना ती ठाऊक नव्हती आणि तिला ते पांढरं आवडत नव्हतं. ती त्याला वाळत घातलेलं धुणं म्हणायची, ते काही नोंदवहीत लिहिता येणार नाही.

किनोए


दाइकोन बेट
८ मे १९७२

किनोए-सान,

हवापाणी लिहीत नाही. फूल आलं.

दर वसंतात तुम्हाला पोस्टकार्ड टाकलं, ‘फक्त पानं’, ‘यंदाही फक्त पानं’, आणि तुम्ही दोन्ही वेळा लिहिलंत, ‘तुझ्यासारखंच सांगायला उशीर करतंय’. तर परवा सकाळी उघडलं. पांढरं, बुडाशी जांभळी झाक, अगदी वहीत लिहिलंय तसं. मी मुलाला हाक मारली. तीस वर्षांचा बाप्या, त्याची स्वतःची मुलगी शाळेत जाते. तो वही हातात धरून फुलाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “बाबांचं अक्षर माझ्यासारखंच आहे की.” इतकी वर्षं वही घरात होती, त्याने कधी उघडली नव्हती. मी घरात जाऊन रडून घेतलं.

आदाची-सान फूल बघायला आले. म्हणाले, “वहिनी, गेन्झोचा नियम तिसऱ्या फुलाचा. हे तर पहिलंच.” मी म्हटलं, “त्याने दोन पाहिली, त्याच्या हिशेबाने हे तिसरं. मध्ये तीस वर्षं गेली तर तो काय करणार?” त्यांनी दौत उघडली.

नाव मी तीन वर्षं शोधत होते. सासऱ्यांच्या यादीतले सिंह आणि राजवाडे सगळे वाचून काढले, एकही अंगाला बसेना. मग फूल उघडल्यावर उन्हात, वाऱ्यात बघितलं. किनोए-सान, तिचं बरोबर होतं. ते अगदी वाळत घातलेल्या धुण्यासारखंच दिसतं! ओलं, पांढरं, कोणीतरी विसरून गेलेलं. मी एवढं झाड वाढवलं, विकलं, रडले त्याच्यासाठी, पण त्याच्याकडे नीट पाहिलं ते अंथरुणातून तिने.

मी लिहून घ्यायला सांगितलं, ‘होशिगिनु’. म्हणजे वाळत घातलेलं रेशीम. धुण्याचं मी फक्त रेशीम केलं. आदाची-सान भुवया वर करून म्हणाले, “वा! जुन्या दरबारी थाटाचं नाव आहे. कुठल्या ग्रंथातून काढलंत?” मी म्हटलं, मोगामीच्या एका विदुषीने सुचवलं. ते मान डोलावत गेले. तर आता नोंदवहीत आहे: होशिगिनु, पांढरं, कादोवाकी गेन्झो. नाव कोणी दिलं त्याला रकाना नाही. आपल्याला माहीत आहे, बस.

तुमच्या गुलाबीलाही गेल्या वर्षापासून माझ्या दारात फुलं येतात. तिच्यावर कलम बांधलेलं नाही. सुनेने एकदा सुरी उचलली होती, मी आरडाओरडा केला. तिला नोंदवहीत घेत नाहीत. खुंटाच्या शाकुयाकुला नाव देण्याची रीतच नाही, कारण बियापासून येणारा प्रत्येक खुंट वेगळा निघतो आणि फुलू कोणीच देत नाही. म्हणून सोबत तिच्या नावाची एक पाटी पाठवते. देवदारी लाकडाची आहे, पुढून मागून रंध्याने घासली आहे, शाई पावसाने जाणार नाही. तुमच्या अंगणात मी एकदा खोटं नाव बांधून गेले होते. हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. दांडा दर हिवाळ्याला कापायचा असतो, म्हणून बांधू नका, मातीत रोवा.

सावा


मोगामी
१६ जून १९७२

सावा,

पाटी मिळाली. एवढी जाड कशाला केलीस? थडग्यावर लावायची आहे का? शेजारणीलाही हवी आहे तशीच, तिच्याकडे तीन फुलं आली. तिला सांगितलं, विकत मिळत नाही.

गेन्झो-सानच्या फुलाचं ऐकून बरं वाटलं. ‘विदुषी’ वाचून सून इतकी हसली की भात करपला. हारुएला देव्हाऱ्यापुढे बसून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. धुण्याचं रेशीम झालं हे ऐकून ती काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही.

मागच्या वेळी तुझी पाटी मी रोपाबरोबर बंद डोळ्यांनी घेतली होती. या वेळी तसं केलं नाही. महिनाभर ती घरात ठेवली आणि फूल उमलायची वाट पाहिली. आज सकाळी उमललं. पाटी घेऊन त्याच्याशेजारी उकिडवी बसले, एकदा फुलाकडे बघितलं, एकदा अक्षराकडे बघितलं, आणि मग रोवली.

बरोबर आहे.

किनोए